दोनदा ख्रिस्ती झालेली बाई

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं निराधार बायकांसाठीचं मुक्ती मिशन ते हेच. पण आपल्याला आधी जायचंय इंग्लंडात, वाँटेजला, तिथल्या सिस्टरांच्या मठात.

साल 1883. रमाबाई पंचवीस वर्षांच्या. संस्कृत पंडिता, विधवा, कडेवर लहानगी मनोरमा. आपण ख्रिस्ती होणार नाही, असं बजावून त्या बोटीत बसल्या होत्या. 29 सप्टेंबरला त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. मन वळवलं ते फादर नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणानं. हे गोऱ्हे काशीत मिशनऱ्यांना वादात हरवायला निघाले होते आणि 1848 साली स्वतःच ख्रिस्ती झाले. त्यांच्यावर खरं तर वेगळी फिल्म हवी.

बाप्तिस्मा झाला की धर्मांतराची गोष्ट संपते, असं आपण धरून चालतो. इथं भांडण त्यानंतर पेटलं.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. शिष्येनं मंडळीची, म्हणजे चर्चची, शिकवण जशीच्या तशी स्वीकारावी, ही त्यांची अपेक्षा. रमाबाई येशूला मानत होत्या, पवित्र शास्त्र मानत होत्या. पण त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्यांना पटेना. पुरोहितांचं एक जोखड मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता दुसरं घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी 1885 मध्ये सिस्टरना लिहिलं.

वाद स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खात नसत. सिस्टरना त्यात जातीचा ताठा दिसला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं हवीत, असं निघालं, तेव्हा बाईंनी विचारलं: ब्राह्मणांना संस्कृत पवित्र वाटते, तशीच तुम्हाला लॅटिन वाटते की काय? अक्षरं कोरायचीच, तर माझ्या देशाच्या जुन्या, सुंदर भाषेत कोरा.

हा प्रश्न सिस्टरना झोंबला असणार. त्या दुष्ट नव्हत्या. रमाबाईंचा आत्मा चुकीच्या वाटेला लागेल, ही त्यांची काळजी अगदी मनापासूनची होती. दोघीही प्रामाणिक, आणि दोघींनाही दुसरी चुकतेय याची खात्री.

इकडे पुण्यात वेगळाच आरोप. 1889 साली मुंबईत सुरू झालेलं रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. 1893 मध्ये ‘केसरी’नं रान उठवलं, की बाई विधवांना बाटवतात. वाँटेजच्या मते पुरत्या ख्रिस्ती न झालेल्या रमाबाई पुण्याच्या लेखी जरा जास्तच ख्रिस्ती होत्या.

मात्र त्यांची सगळ्यात कडक उलटतपासणी केली ती त्यांनी स्वतःच. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हॅस्लम रीतसर दीक्षा घेतलेले. तरी एका रविवारी उपदेश करता करता त्यांना उमगलं, की जे आपण सांगतोय ते आपल्यालाच लाभलेलं नाही. रमाबाई चपापल्या. पुढे 1907 मध्ये आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, त्यांनी लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

मला हे वाक्य फार धीट वाटतं. ज्या श्रद्धेसाठी त्यांनी स्नेही दुरावले, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, ती अपुरी होती, हे त्या जगासमोर मांडतात. आपण प्रामाणिक होतो, ही सबब त्या पुढे करत नाहीत.

मांस-अंडं त्यांनी पुढेही वर्ज्यच ठेवलं. केडगावात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या. छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला मिशनमधल्याच बायका. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

आणि ती भांडणाची पत्रं? सिस्टर जेराल्डिननी ती फाडली नाहीत. एकेक जपून ठेवलं, क्रमानं लावलं, त्यांवर आपली टिपणंही लिहिली. 1977 मध्ये तो गठ्ठा पुस्तक होऊन मुंबईतून बाहेर आला.