पासिंगच्या रांगेतले रंग

(दृश्य: आरटीओचं आवार, सकाळ. जुन्या दुचाक्यांची रांग.)

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे 2010 साली शोरूममधून निघालेली गाडी 2025 मध्ये पासिंगसाठी, म्हणजे तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायला, पुन्हा आरटीओच्या दारात उभी. फॉर्म 25, विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती... कागद एकदा फायलीत लागले की उरते ती गाडी. मोटार वाहन निरीक्षक चॅसी नंबर ताडून पाहतात, हॉर्न वाजवायला सांगतात आणि मग म्हणतात, "लाइट लावा."

इथे बऱ्याच जणांची गोची होते. पंधरा वर्षांत गाडीवर हौस साचलेली असते. पार्किंगला निळा बल्ब, मडगार्डखाली जांभळी पट्टी, टेललाइटवर काळी फिल्म. मग रांगेतून गाडी बाहेर, आणि गेटसमोरच्या मिस्त्रीकडे धावपळ.

(दृश्य: रात्रीचा महामार्ग. दूरवर दिव्यांचे ठिपके.)

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 सालचे. त्यातला 108 क्रमांकाचा नियम सांगतो, की वाहनाने पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायचा नाही, आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही. इंडिकेटर, नंबर प्लेटवरचा उजेड, रिव्हर्सचा दिवा असे मोजके अपवाद. कारण सोपं आहे. अंधारात गाडी दिसतच नाही, दिसतो तो ठिपका. पांढरा असेल तर ती आपल्याकडे येतेय, लाल असेल तर आपल्यापुढे चाललीय. ओव्हरटेक करायचं की थांबायचं, हे मागचा माणूस तेवढ्यावर ठरवतो. रस्ते वाहतुकीचा 1968 सालचा व्हिएन्ना करार हेच मानतो. भारत त्यात 1980 साली सामील झाला.

निळ्याचं प्रकरण वेगळं. 1 मे 2017 पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. लाल-निळा-पांढरा लखलखाट राहिला तो पोलीस, अग्निशमन अशा तातडीच्या सेवांसाठी. मोटरसायकलच्या तोंडावर निळा दिवा लावून कुणाला काय भासवायचं असतं, हे लावणाऱ्यालाच ठाऊक.

(दृश्य: मिस्त्रीचा हात टेललाइटची काच उघडतो.)

पण हौस न करताही रंग चुकतो, आणि गंमत इथेच आहे. जुन्या मोटरसायकलच्या टेललाइटमध्ये बल्ब एकच, आत तारा दोन. मंद तार रात्रभर जळते, प्रखर तार ब्रेक दाबल्यावर. बल्ब बिनरंगी, लाली येते ती काचेमुळे. याच काचेला नंबर प्लेटच्या बाजूला एक छोटी पारदर्शक खिडकी असते, तिच्यातून पांढरा उजेड नंबरावर पडतो. आता कुणी हौसेने लाल बल्ब टाकला, की नंबर प्लेट लाल होते आणि टेललाइट उलट मंदावते. काच फुटली आणि तशीच चालवली, तर मागून पांढरा झोत. म्हणजे मागच्याला वाटणार, गाडी उलटी अंगावर येतेय!

इंडिकेटरची काच पारदर्शक असेल तर नारिंगी रंग बल्बवर चढवलेला असतो. स्वस्तातल्या बल्बचा हा मुलामा उडतो आणि इंडिकेटर पांढरा मिचकावू लागतो. एलईडीचे इंडिकेटर बसवले आणि फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर मिचकावणारा भाग, जुनाच ठेवला, तर ते वेड्यासारखे फडफडतात. एलईडी फारच कमी वीज ओढतो. जुन्या फ्लॅशरला वाटतं, एक बल्ब गेलाय. तिथे फ्लॅशरही बदलावा लागतो.

(दृश्य: पुणे, नाना पेठ. एलईडी हेडलाइट बल्बची खोकी.)

आता हेडलाइट. "पांढराशुभ्र पडतो, पासिंगला काही अडचण नाही," असं दुकानदार सांगतो. रंगापुरतं ते बरोबरही असेल. पण साध्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या, म्हणजे खालच्या झोताच्या, तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून झोत समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत चढत नाही. बल्बमागचा आरसा (रिफ्लेक्टर) त्या तारेच्या नेमक्या जागेचा हिशेब धरूनच घडवलेला असतो. त्याच खोबणीत एलईडी बसवला की प्रकाशाची जागाच हलते. उजेड वर, बाजूला, झाडांवर. समोरून येणारा आंधळा.

आवारात भर दुपारी नुसत्या डोळ्यांनी निळा बल्ब दिसतो, हा भरकटलेला झोत दिसत नाही. स्वयंचलित तपासणी केंद्रात झोत मोजायचं यंत्र असतं, तिथे पितळ उघडं पडतं. माझ्या मते, निळ्या बल्बपेक्षा हा पांढरा एलईडी कितीतरी अधिक घातक आहे. आणि कायद्याच्या नजरेतूनही तो सुटत नाही: परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट दिवसाही चालूच असतो. त्यामुळे चुकीचा झोत आता चोवीस तास रस्त्यावर.

(दृश्य: संध्याकाळ. सोसायटीची भिंत, समोर मोटरसायकल, वर बसलेला चालक.)

पासिंगआधी घरीच पाहता येतं. सपाट जागा, समोर भिंत. गाडी भिंतीजवळ नेऊन हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर खडूने रेघ मारायची, मग दहा मीटर मागे यायचं. नेहमीसारखं गाडीवर बसून डिपर लावायचा. झोताची वरची कड रेघेच्या खाली राहिली पाहिजे. वर गेली तर आधी हेडलाइटचा स्क्रू फिरवून बघायचा. तरी कड धड दिसतच नसेल, नुसता पांढरा पसारा भिंतभर असेल, तर स्क्रूचं तिथे काही चालत नाही. कंपनीच्या वॅटचा हॅलोजन बल्ब आणायचा आणि तोच बसवून गाडी पासिंगला न्यायची.