सकाळच्या बातम्या, पोर्ट-ओ-प्रिन्सहून

(पडद्यावर: निळे रबरी हातमोजे घातलेले हात गत्त्याचा चौकोनी डबा उघडतात. आत स्पूल. कडेने पांढरट बुरशी.)

पाव इंच रुंदीची चुंबकीय फीत. रेडिओतली माणसं हिला स्पूल म्हणतात. डब्याच्या पाठीवर कुणीतरी निळ्या शाईने कार्यक्रमाचं नाव लिहिलं होतं, ते ओलीने पसरलंय. कार्यक्रम कोणता, कधीचा, बोलतंय कोण, हे आता फीत लावून ऐकल्याशिवाय कळायचं नाही. आणि बुरशी निघाल्याशिवाय फीत लावता यायची नाही.

अशा फितींनी भरलेली खोकी हैतीच्या राजधानीतून, पोर्ट-ओ-प्रिन्सहून, अमेरिकेत आली. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम गावी, ड्यूक विद्यापीठाच्या रूबेन्स्टाइन ग्रंथालयात. हा आहे रेडिओ हैतीचा संग्रह.

(पडद्यावर: ड्यूकचा दगडी चॅपेल, सकाळचं ऊन. मग जुनं कृष्णधवल छायाचित्र: मायक्रोफोनपुढे तोंडात पाइप धरलेला सडपातळ माणूस.)

हा झाँ दोमिनिक. शिक्षणाने कृषितज्ज्ञ. १९५८ साली हुकूमशहा फ्रांस्वा दुवालिएविरुद्धच्या उठावात त्याचा भाऊ मारला गेला, आणि त्याला स्वतःला तुरुंगात जावं लागलं. पुढे तो रेडिओत आला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने रेडिओ हैती हे केंद्र स्वतःकडे घेतलं, रेडिओ हैती-इंटर म्हणून चालवलं, आणि आज वाचताना साधी वाटेल अशी एक गोष्ट केली. बातम्या क्रिओलमध्ये द्यायला सुरुवात केली.

ती साधी नव्हती. हैती १८०४ साली फ्रान्सच्या ताब्यातून सुटला. गुलामांनी लढून स्वतंत्र केलेला देश. पण कोर्ट, कचेरी, शाळा, वर्तमानपत्र सगळं फ्रेंचमध्येच राहिलं. घरात, बाजारात, शेतात बोलायची ती क्रिओल. फ्रेंच सफाईने बोलणारे मूठभर. म्हणजे सरकार काय करतंय हे ज्याच्यावर बेतणार, त्यालाच ते कळत नव्हतं. ट्रान्झिस्टर तोवर गावोगाव पोचले होते. आर्तिबोनीतच्या खोऱ्यात भात लावणाऱ्या माणसाला बातमी पहिल्यांदा त्याच्या आईच्या भाषेत ऐकू आली. क्रिओलला राज्यघटनेने राजभाषा केलं ते १९८७ साली. रेडिओ त्याच्या दीड दशक आधी तिथे होता.

(पडद्यावर: भाताची खाचरं, पाटाचं पाणी. बांधावर ठेवलेला ट्रान्झिस्टर.)

त्यातच या फितींचं मोल आहे. यात मंत्र्यांची भाषणं आहेत, ती कुठेही मिळतील. पण शेतकऱ्यांच्या मुलाखती आहेत. जमीन कुणी बळकावली, पाट कुणी अडवला, डुकरं का मारली गेली, हे त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलंय. २३ जुलै १९८७ रोजी झाँ-राबेल इथे शेतकऱ्यांचं हत्याकांड झालं. त्यानंतर त्या भागातल्या माणसांचं बोलणं यात आहे. या माणसांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. बहुतेकांना लिहिता येतही नव्हतं. त्यांचा कागद म्हणजे ही फीत.

२८ नोव्हेंबर १९८०. धाकट्या दुवालिएच्या, म्हणजे फ्रांस्वानंतर सत्तेवर आलेल्या त्याच्या मुलाच्या, माणसांनी केंद्र फोडलं, पत्रकारांना धरून नेलं. दोमिनिक आणि त्याची पत्नी, पत्रकार मिशेल मोंतास, न्यूयॉर्कला परागंदा झाले. १९८६ साली दुवालिए पळाला, तेव्हा दोघं परतले. १९९१ च्या लष्करी उठावानंतर केंद्र पुन्हा बंद पडलं. १९९४ मध्ये लोकनियुक्त सरकार परत आलं आणि केंद्र पुन्हा उभं राहिलं.

(पडद्यावर: केंद्राचं आवार. लोखंडी फाटक.)

३ एप्रिल २००० च्या सकाळी, बातम्यांसाठी आलेल्या झाँ दोमिनिकला याच आवारात गोळ्या घातल्या. केंद्राचा कर्मचारी झाँ-क्लोद लुईसाँही मारला गेला. खटला आजवर तडीला गेलेला नाही.

(पडद्यावर: टेबलावर फिरणारी दोन रिळं. जवळून: फीत मऊ कापडाच्या घडीतून सरकते, कापडावर तपकिरी रेघ उमटते.)

आता फितीकडे येऊ. ती तपकिरी रेघ नीट पाहा. फीत म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर. थर पट्टीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतली ओल शोषतो. उष्ण, दमट हवेत वर्षं गेली की तो विरघळायला लागतो. मग फीत यंत्रावर लावली की ती हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, चिकटते, किंचाळते, आणि आवाज धरून ठेवणारा थरच खरवडून निघतो. म्हणून घाईने प्ले दाबणं हा फितीचा घात. आधी बुरशी काढायची, तीही मास्क लावून, कारण ती माणसाच्या फुप्फुसालाही वाईट. चिकटपणा असेल तर फीत सौम्य उष्णतेत, साधारण ५० अंशांच्या आसपास, काही तास ठेवायची. ओल निघून जाते आणि थर तात्पुरता घट्ट होतो. त्या थोड्या दिवसांत काम उरकायचं. एकदाच, सलग, मूळ गतीने. दोन तासांची फीत उतरवायला दोन तासच लागतात. इथे कुणालाही घाई करता येत नाही, आणि आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

रेडिओ हैतीच्या फिती तज्ज्ञ प्रयोगशाळेत साफ होऊन संगणकात उतरल्या. असं उतरवताना जगभरच्या ध्वनिसंग्रहांत एक माप रूढ आहे: सेकंदाला ९६,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा. स्टिरिओ असेल तर तासाभराच्या आवाजाला सुमारे २ जीबी जागा लागते. ही मूळ प्रत. ती कुणी ऐकत नाही, ती जपायची. ऐकायला हलकी एमपी३ वेगळी.

(पडद्यावर: काळ्या पडद्यावर अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ.)

ही ओळ म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलमधल्या प्रत्येक बिटवरून गणिताने काढलेला. उद्या चकती बिघडून एक बिट जरी उलटा झाला, तरी हा अंगठा जुळत नाही. संगणक ठरावीक काळाने प्रत्येक फाइलचा अंगठा पुन्हा घेतो आणि पहिल्याशी ताडून बघतो. जुळला नाही, तर दुसरीकडे ठेवलेली धड प्रत आणून जागी बसवायची. फितीवरची बुरशी निदान डोळ्यांना दिसते. फाइलचं कुजणं दिसत नाही, ते असं मोजूनच पकडावं लागतं.

(पडद्यावर: संगणकावर सावकाश फिरणारी, करड्या रंगाची कवटी.)

हे रेडिओचं नाही, पण याच विद्यापीठातलं आहे. ड्यूकने २०१३ मध्ये सुरू केलेल्या मॉर्फोसोर्स या भांडारात हाडांची आणि जीवाश्मांची त्रिमितीय मापं ठेवतात. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत होमो नालेदी या लुप्त मानवप्रजातीचे १,५०० हून अधिक अवशेष सापडले. २०१५ मध्ये शोध जाहीर झाला, तेव्हा त्यातल्या हाडांची मापं इथे सर्वांसाठी खुली झाली. कुठल्याही गावच्या शाळेने ती उतरवून घ्यावीत. संशोधनाची विदा, म्हणजे डेटा, अशी ठेवताना सोबत एक साधी फाइल लागते: हे कुणी मोजलं, कशाने मोजलं, कोणत्या रकान्याचा अर्थ काय. ती नसेल तर आकडे धड असूनही मुके. डब्यावरची शाई पसरलेल्या फितीसारखे.

(पडद्यावर: कानांवर हेडफोन, शेजारी वही. एकाच नोंदीचे तीन परिच्छेद पडद्यावर सरकतात.)

आणि इथे, आमच्या मते, या संग्रहाचं खरं काम सुरू होतं. फिती उतरवल्या, पण त्यांत आहे काय? कुणीतरी बसून ऐकायचं. बोलणारा कोण, गाव कोणतं, घटना कोणती, नावाचं स्पेलिंग काय. रेडिओ हैतीत अशी ५,००० हून अधिक ध्वनिमुद्रणं आहेत. प्रत्येकाची नोंद क्रिओल, फ्रेंच आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत केली. अमेरिकेतल्या विद्यापीठाने फक्त इंग्रजीत नोंदी केल्या असत्या, तरी कुणी बोट दाखवलं नसतं. संशोधकांची सोय झाली असती. पण आर्तिबोनीतमधल्या एखाद्या मुलीला आपल्या आजोबांचा आवाज शोधायचा असेल, तर ती शोधाच्या चौकटीत गावाचं नाव तिच्या पद्धतीने लिहिणार. तिने लिहिलेला शब्द नोंदीत नसेल, तर आजोबा असूनही सापडणार नाहीत. ज्या केंद्राने बातमी क्रिओलमध्ये दिली, त्याची यादी क्रिओलमध्ये नसती तर तो उलटा प्रवास झाला असता.

संग्रह इंटरनेटवर खुला आहे. हैतीत नेट महाग, वीज बेभरवशाची, म्हणून निवडक ध्वनिमुद्रणं पेन ड्राइव्हवर भरून तिथल्या ग्रंथालयांना आणि गावातल्या रेडिओ केंद्रांना दिली. फिती जिथून निघाल्या तिथे आवाज परत पोचला, खिशात मावेल एवढा होऊन.

फिती मुळात वाचल्या कशा, तेही सांगायला हवं. दोमिनिकच्या खुनानंतर मिशेल मोंतास यांनी केंद्र चालू ठेवलं. २५ डिसेंबर २००२ रोजी त्यांच्यावरही हल्ला झाला. अंगरक्षक मॅक्सिम सेईद मारला गेला. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र बंद झालं. मोंतास पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांच्या प्रवक्त्या होत्या. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झालं, फिती तगल्या. त्यानंतर मोंतास यांनी त्या ड्यूकला दिल्या.

(पडद्यावर: आर्तिबोनीत नदी. संथ, गढूळ पाणी. दूरवर एक होडी.)

दोमिनिकची राख शेतकऱ्यांच्या साक्षीने या नदीत सोडली.

(पडद्यावर: संगणकाचा पडदा. आवाजाची हिरवी लाट, डावीकडे थांबलेली.)

खुनानंतर महिनाभर केंद्र बंद होतं. ३ मे २००० रोजी ते पुन्हा सुरू झालं. त्या दिवसापासून मोंतास मायक्रोफोनपुढे बसल्या की बातम्यांच्या आधी नवऱ्याला नमस्कार करायच्या. बोंझूर, झाँ.

(प्ले. लाट सरकू लागते. मूळ ध्वनी. निवेदन नाही.)