मदतनीस दारापर्यंतच

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. पहाटे साडेपाचला यंत्रमागाचा खडखडाट सुरू व्हायच्या आधी आई उठते, पदर खोचते आणि माझ्या धाकट्या भावाच्या अंथरुणाशी बसते. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हातापायांवर ताबा नाही. रात्रभरात त्याचे पाय ताठ होऊन एकमेकांत कात्रीसारखे अडकलेले असतात. ते ओढून सोडवायचे नसतात, जोर लावला की आणखी आवळतात. आई नुसता तळहात मांडीवर ठेवून थांबते. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. पाय सैल पडले की डावा हात मानेखाली, उजवा गुडघ्यांखाली घालते आणि "चल राजा" म्हणून उचलते. भावाचं वय 36, वजन 48 किलो. आईचं वय 64.

त्याला बोलता येत नाही. पाणी हवं असलं की तो माठाकडे बघतो. माठाकडे बघून डोळे मिटले तर पाणी नको, तोंड पुसायचंय. हे घरात तिघांनाच कळतं. चौथं माणूस आलं तर त्याला महिनाभर शिकावं लागेल. पण चौथं माणूस येतच नाही, आणि आज मला बोलायचंय ते नेमकं त्या चौथ्या माणसाबद्दल.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. संजय गांधी निराधार योजनेतून भावाला दरमहा पैसे मिळतात. पूर्वी 1500 रुपये होते, 2025 साली शासनानं दिव्यांगांसाठी ते 2500 केले. वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड आहे. एसटीत 75 टक्के सवलत आहे. एका शिबिरात व्हीलचेअरही मिळाली. ती दाराआड घडी घालून उभी आहे. आमच्या उंबऱ्याला दोन पायऱ्या आहेत. खुर्ची आधी खाली न्यायची, मग भावाला उचलून तिच्यात बसवायचं, मग बोळातून ढकलत मुख्य रस्त्यापर्यंत जायचं. हे एकट्या आईच्यानं होत नाही. खुर्ची मिळाली, ती चालवणारं माणूस मिळालं नाही.

मी शाळेत शिकवते, म्हणून एक गोष्ट मला रोज दिसते. दिव्यांग मुलाला एकट्यानं शाळेत येता येत नसेल, तर समग्र शिक्षा योजनेतून मदतनीस भत्ता मिळतो. दहावी-बारावीच्या पेपरला हात चालत नसेल तर लेखनिक मिळतो, तासाला 20 मिनिटं जास्तीचा वेळ मिळतो. मतदान केंद्रात दृष्टिहीन मतदाराला सोबती नेता येतो. म्हणजे मदतनीस ही काय चीज आहे, हे शासनाला चांगलं ठाऊक आहे. शाळेच्या फाटकापर्यंत ठाऊक आहे, परीक्षेच्या बाकापर्यंत आहे, मतपेटीपर्यंत आहे. मूल 18 वर्षांचं झालं, शाळा सुटली, ते घरी आलं की तोच मदतनीस आमच्या दारातून परत फिरतो. पुढची चाळीस-पन्नास वर्षं आईनं उचलायचं, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलंय.

कायद्यात मात्र तसं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. जुन्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, यात 21 आहेत. बातम्यांत आला तो एवढाच भाग, आणि नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाचा. पण श्रोतेहो, याच कायद्यातली तीन कलमं कागदावर लिहून ठेवा. कलम 5 म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी घरी मिळणाऱ्या मदतीच्या सेवा, व्यक्तिगत मदतनीससुद्धा, तिला मिळाल्या पाहिजेत. कलम 24 मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजना सांगितल्यात. त्यात ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिलाय. आणि कलम 38. ज्याचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आहे आणि ज्याला रोजच्या जगण्यात मोठा आधार लागतो, तो स्वतः किंवा त्याच्या वतीनं कुणीही, एखादी संस्थासुद्धा, शासनानं नेमलेल्या प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. मग मूल्यमापन मंडळ तपासतं आणि काय आधार लागेल ते सांगतं.

दुसऱ्या काही राज्यांनी थोडी सुरुवात केलीय. केरळात आश्वासकिरणम नावाच्या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला महिन्याला 600 रुपये मिळतात. अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकाची हद्द लागते. त्या राज्यानं 2024-25 च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सीसारख्या आजारांत काळजी घेणाऱ्यांना दरमहा 1000 रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी आहे, मला मान्य आहे. पण ती भत्ता म्हणून काळजी घेणाऱ्याच्या नावावर लागते, त्या कामाला काम म्हटलं जातं. माझी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. हजार विड्यांची मजुरी ठरलेली आहे, पासबुकावर नोंद आहे. मधेच सूप बाजूला सारून ती भावाची कूस बदलते, त्याची नोंद कुठंच नाही.

महाराष्ट्रानं 2022 च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाकडे माझं मागणं एकच आहे. खुर्च्या वाटा, काठ्या वाटा, पण तालुक्यागणिक थोडी माणसंही तयार करा. उचलायचं कसं, ताठ पाय सोडवायचे कसे, घास कुठल्या बाजूनं भरवायचा म्हणजे ठसका लागत नाही, हे शिकलेली माणसं. आमच्या भागात विडी कामातून बाहेर पडलेल्या कितीतरी बायका आहेत, त्यांना हे काम जमेल. त्या मराठी बोलतील, तेलुगू बोलतील, कन्नड बोलतील. आमच्या शेजारच्या अम्मांचा नातू बहुविकलांग आहे आणि अम्मांना तेलुगूशिवाय भाषा येत नाही. त्यांच्या घरी मराठी फॉर्म हातात देऊन गेलेला माणूस काय कामाचा?

पैशाचं म्हणाल तर एक वाट जवळच आहे. ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो की महानगरपालिका, स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. माढा, सांगोला, मंगळवेढा, करमाळा, जिथून ऐकत असाल तिथं ग्रामसभेत उठून विचारा की यंदा तो हिस्सा किती झाला आणि कशावर गेला. मदतनीसाच्या मानधनासाठी तो वापरावा असा ठराव मांडा.

आम्ही कलम 38 खाली अर्ज केला. छापील नमुना मिळाला नाही, म्हणून साध्या कागदावर मीच लिहिला. दिवसभराचा हिशेब लिहिला: पहाटे उचलणं, आंघोळ, तीन वेळा भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्री दोनदा उठणं. जोडीला यूडीआयडी कार्डाची प्रत लावली. एका कार्यालयात म्हणाले, असं काही कलम नाही. दुसऱ्यानं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि आवक क्रमांक टाकून शिक्का मारला. तुम्हीही अर्ज केलात तर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

त्या पोचेला आता सात महिने झाले. आईनं ती देव्हाऱ्यात ठेवलीय, सिद्धरामेश्वराच्या तसबिरीमागं. काल रात्री भावाला कुशीवर वळवताना तिनं मला विचारलं, "तो माणूस आला तर त्याला माठाचं आधी सांगशील ना?"