नानांची हौसा

(दृश्य: पॅसेंजरची खिडकी. मागं पडत जाणारी उसाची रानं.)

पुण्याहून मिरजेकडं जाणारी पॅसेंजर कऱ्हाड सोडते आणि मग एकेक छोटी स्टेशनं लागतात. शेणोली. भवानीनगर. ताकारी. किर्लोस्करवाडी. एक्सप्रेसमध्ये बसलेल्या माणसाला पाटीवरचं नाव वाचून होत नाही, तोवर स्टेशन मागं पडलेलं असतं.

यातल्या शेणोलीचं नाव इतिहासात आलं. ७ जून १९४३ रोजी इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या भूमिगत चळवळीच्या तुफान सेनेनं तिथं सरकारी पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली आणि लुटली. त्या सेनेतले कुंडलचे जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ. या नावांचा इकडं आजही दरारा आहे. पुढच्या भवानीनगरची गोष्ट मात्र एका बाईची. बाई कसली, पोरच. सतरा वर्षांच्या आसपासची, नाना पाटलांची लेक हौसा.

(दृश्य: भवानीनगर. दुपार. रिकामा रस्ता.)

पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोचं भांडण जुंपलेलं. नवरा दारू प्यालेला. तो तिला मारतोय, ती आरडाओरडा करतेय, नांदायला येणार नाही म्हणतेय. शेवटी त्यानं मोठा दगड उचलला, आता तुझं डोकंच फोडतो म्हणाला. तेव्हा कुठं ठाण्यातले शिपाई उठले, बाहेर आले, मध्ये पडले, दोघांची समजूत घालू लागले.

तेवढ्यात तुफान सेनेची पोरं ठाण्यात शिरली आणि बंदुका-काडतुसं घेऊन पसार झाली.

नवरा खोटा होता, दारूही खोटी. मार मात्र खरा होता. ती बायको म्हणजे हौसाताई, आणि नवरा झालेला सोबती त्यांना भावासारखा. त्यानं इतकं जोरात मारायला नको होतं, ही त्यांची तक्रार पुढं म्हातारपणापर्यंत टिकली. त्यावर त्याचं म्हणणं असं, की खरं दिसायला हवं होतं ना!

हौसाताई पाटलांचं नाव निघालं की ही गोष्ट निघतेच. आम्हीही कॅमेरा घेऊन आलो ते हीच डोक्यात घेऊन. चित्रपटात शोभावी अशीच ती आहे. पण एका दुपारचं नाटक उभं करायला जेवढं धाडस लागतं, त्याच्या कितीतरी पट ताकद त्यांच्या आधीच्या वर्षांत खर्ची पडली होती. त्या वर्षांत दगड उचलणारा कुणी नव्हता आणि सोडवायला येणाराही कुणी नव्हता.

(दृश्य: येडेमच्छिंद्र. गावातली गल्ली.)

हौसाताईंचा जन्म १२ फेब्रुवारी १९२७. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात. १९४९ मध्ये याचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. माणसं जागच्या जागी राहिली, जिल्ह्याची नावं तेवढी बदलली.

वडील नाना पाटील. वाळवे तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची सरकारी नोकरी होती, १९३० च्या चळवळीत ती सोडली. लोक त्यांना पुढं क्रांतिसिंह म्हणू लागले. नानांची सभा म्हटलं की वाड्या-वस्त्यांवरची माणसं बैलगाड्या जुंपून यायची. सभेतला हा माणूस सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो सभेला, तुरुंगात किंवा रानात असताना घरी चूल कोण पेटवत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

हौसाताई तान्ह्या वयातून जेमतेम बाहेर आल्या, तेव्हाच त्यांची आई गेली. आजीनं वाढवलं. सरकारनं घरदार, जमीन जप्त केली. आजीनं सोनं विकून बैल घेतले, दुसऱ्याच्या रानात राबली. गावातली माणसं वाईट नव्हती, पण भ्यालेली होती. नानांच्या घराशी बोललं तरी पोलीस दारात येतील, या भीतीनं कुणी मीठसुद्धा देईना. कधी कधी उंबराची फळं गोळा करून आणायची आणि त्यांचंच कालवण करायचं.

शूरांच्या घरातलं हे रोजचं जेवण.

(दृश्य: वडूजचं हुतात्मा स्मारक. मग इस्लामपूर.)

१९४२ चा सप्टेंबर. साताऱ्यात तालुक्या-तालुक्याला कचेरीवर मोर्चे निघाले. ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला. परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं पडली, एकूण नऊ. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीतले इंजिनिअर उमाशंकर पंड्या गेले. मोर्चा घेऊन जायचं आणि छातीवर गोळी घ्यायची, असं किती दिवस चालणार? चळवळ भूमिगत झाली. १९४३ पासून प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं स्वतःचं सरकार, उभं राहिलं, ते १९४६ पर्यंत चाललं. गावोगाव न्यायदान मंडळं बसली, सावकारांना आणि दरोडेखोरांना वचक बसला, थोडक्या खर्चात हार घालून गांधी विवाह लागू लागले. तुफान सेना हा या सरकारचा लढाऊ हात. टेलिफोनच्या तारा तोडायच्या, डाक बंगले जाळायचे, रेल्वे अडवायची.

हौसाताई या कामात होत्या आणि त्यांचे पती भगवानराव मोरेही होते. डाक बंगला जाळायचा म्हणजे आधी टेहळणी हवी. कोण कधी येतं, पहारा कधी ढिला असतो. डोक्यावर पदर घेतलेली बाई रस्त्यानं चालली तर तिच्याकडं कोण बघतंय! साहेबाच्या पोलिसाला जी बाई दिसतच नव्हती, तिनं त्याचाच फायदा घेतला.

(दृश्य: रात्रीचं नदीपात्र.)

सगळ्यात अवघड कामगिरी गोव्याची. तिथं पोर्तुगीजांचं राज्य. शस्त्रं आणायला गेलेले तुफान सेनेचे बाळ जोशी तिकडं पकडले गेले. हौसाताई त्यांची बहीण म्हणून तुरुंगात भेटायला गेल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात खोवलेली. झडती घेणाऱ्यांनी अंबाडा सोडून बघितला असता तर? हा प्रश्न आपल्याला पडतो.

परतीच्या वाटा पोलिसांनी धरलेल्या. हौसाताई आणि त्यांचे सोबती जंगलातून चालत मांडवी नदीच्या काठी आले, तर होडी नाही. बाकीचे पोहणारे. हौसाताई एका लाकडी पेटीवर पालथ्या झाल्या आणि मध्यरात्री तशाच पलीकडं गेल्या.

(दृश्य: विटा. यंत्रमागाचा आवाज.)

स्वातंत्र्य आलं. नाना १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले, ६ डिसेंबर १९७६ ला वारले. हौसाताईंचं पुढचं आयुष्य विट्यात गेलं. विटा म्हणजे खानापूर तालुक्याचं गाव: यंत्रमाग, कोंबड्यांच्या शेडी, आणि देशभर सोनं-चांदी गाळायला गेलेल्या गलाईवाल्यांची घरं. पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या आभाळाकडं बघणारा हा भाग. कोपऱ्यात नऊवारी नेसून बसलेली ही आजी कोण, हे नव्या भाडेकरूला सांगावं लागायचं.

इथं थोडं थांबायला हवं. स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन केंद्रानं १९७२ मध्ये सुरू केली. नियम काय, तर सहा महिन्यांचा तुरुंगवास. बायकांना तीन महिने. नाहीतर भूमिगत असल्याचा पुरावा. आता सांगा, प्रतिसरकारच्या काळात रात्री दोनला उठून पंधरा-वीस जणांच्या भाकरी थापणाऱ्या बाईनं पुरावा कुठून आणायचा? पिठाच्या डब्याची पावती असते का? टोपल्यात भाकरीखाली निरोप घालून रानात जाणाऱ्या पोरींवर वॉरंट निघालंच नाही, कारण त्या सापडल्याच नाहीत. काम चोख झालं, म्हणूनच कागद नाही. नानांची लेक म्हणून हौसाताईंचं नाव तरी राहिलं. वाळवे, तासगाव, खानापूरच्या वाड्यांमधल्या बाकीच्या बायकांचं तेही राहिलं नाही. प्रतिसरकारवर बोलताना आपण पुढाऱ्यांचे पुतळे मोजतो आणि या चुली सोडून देतो, हे आम्हाला तरी पटत नाही.

(दृश्य: हौसाताईंचं छायाचित्र.)

उतारवयात सत्कार पुष्कळ झाले असतील. पण शाल-श्रीफळ घेऊन गप्प बसणारी ही बाई नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशभरातले शेतकरी दिल्लीत मोर्चासाठी जमले. मागणी अशी, की शेतीच्या संकटावर संसदेचं खास अधिवेशन घ्या. हौसाताई तेव्हा एक्क्याण्णव वर्षांच्या. विट्याहून त्यांनी चित्रफितीतून निरोप पाठवला. शेतकऱ्याच्या मालाला भाव द्या, सरकारनं झोपून राहू नये, गरिबांसाठी काम करावं. आवाज थकलेला होता, सूर मागणीचाच होता. ज्या आजीनं सोनं विकून बैल घेतले, तिच्या नातीला शेतीचा हिशेब कुणी शिकवायची गरज नव्हती.

२३ सप्टेंबर २०२१ रोजी हौसाताई गेल्या. वय चौऱ्याण्णव. त्या दिवशी दिल्लीच्या वेशीवर शेतकरी पुन्हा ठाण मांडून बसले होते आणि त्यांच्या आंदोलनाला दहा महिने होत आले होते.