माशाच्या आतड्यात घडी चुकलेलं प्रोटीन

नमस्कार मंडळी. रविवारी घरी रोहू आणला की पोट चिरायचं, पित्त फुटू न देता आतडी अलगद बाहेर ओढायची, ती लांबच लांब गुंडाळी निघते बघा, हे कोल्हापुरात नदीकाठच्या कुठल्याही घरात बघायला मिळतं. आज त्या आतड्याबद्दलच बोलायचंय, आणि खाद्यातून त्यात शिरू शकणाऱ्या प्रायॉनबद्दल.

प्रायॉन म्हणजे जंतू नाही, व्हायरसही नाही, नुसतं एक प्रोटीन, पण घडी चुकलेलं, म्हणजे चुकीच्या आकारात दुमडलेलं. ते शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही आपल्यासारखंच वाकडं करत सुटतं आणि मेंदूची चाळण होते. 1982 साली अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅनली प्रुसिनरनी त्याला हे नाव दिलं, 1997 ला त्यांना नोबेल मिळालं. इंग्लंडात 1986 साली गाईंना प्रायॉनमुळं होणारा मॅड काऊ रोग ओळखला गेला, आणि तो पसरला कशानं, तर मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गाईंच्या खाद्यात घातल्यानं. गवत खाणाऱ्या गाईला मांस खायला घातलं हो!

आता तसली भुकटी माशाला घातली तर? आपण खातो ते साधं प्रोटीन पोटातले रस तोडून टाकतात, पण हे वाकडं प्रोटीन त्या रसांना सहजी दाद देत नाही. ट्राऊट माशाच्या जठराला लागून बोटांसारख्या बारक्या पिशव्या असतात, आपल्या रोहूला तर जठरच नसतं, आतडंच सगळं काम करतं. युरोपात ट्राऊटला स्क्रॅपी म्हणजे मेंढीच्या रोगाचा प्रायॉन पाजला, एका दिवसानं त्याचं आतडं काढून उंदरांना टोचलं तर उंदरांना रोग झाला, मासा मात्र ठणठणीत. ग्रीसमध्ये सी ब्रीम माशांना रोगट गाई-मेंढ्यांचा मेंदू खायला दिला, दोन वर्षांनी त्यांच्या मेंदूत प्रोटीनचे विचित्र साठे सापडले, पण तेही वरून आजारी दिसत नव्हते. मला काळजी याचीच वाटते, मासा आजारी पडत नाही म्हणून कुणी बघतच नाही.

घाबरू नका, भारतात मॅड काऊ आढळलेला नाही आणि आपल्याकडं तळ्यात शेंगदाणा पेंड, भाताचा कोंडा टाकतात. युरोपनं 2013 पासून माशांना डुक्कर-कोंबडीचं प्रोटीन चालवून घेतलं, गाई-मेंढीचं नाही, आणि मला तो फरक पटतो.

माझ्या मेव्हण्याचं कागलजवळ शेततळं हाय, त्याला मी सांगितलंय, तयार खाद्याच्या पोत्यावर मांस-हाडाची भुकटी लिहिलेली दिसली तर आधी विचार, कुठल्या जनावराची, मगच पैसे दे.