आहेराची साडी कोणत्या दुकानातली?

आज सभागृहात येताना एका निवृत्त सुभेदारांनी मला दारातच गाठून विचारले, "सर, घरात पीठ नाही आणि शेजाऱ्याला तोफा, हे कुठले शहाणपण?" प्रश्न अमेरिका इतर देशांना देत असलेल्या लष्करी मदतीबद्दल होता, तरी मराठा लाइट इन्फंट्रीच्या या बेळगावात विचारणाऱ्याच्या मनात आपलेही घर होते, हे उघड आहे.

मे 2022 मध्ये अमेरिकेने युक्रेनसाठी सुमारे 40 अब्ज डॉलरची तरतूद मंजूर केली, तेव्हा तिथल्या दुकानांत तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे मिळेनासे झाले होते, आणि पुढच्याच महिन्यात महागाईचा दर 9.1 टक्क्यांवर गेला. रिकाम्या फळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या आईला राग येणारच. मात्र तो राग नोटांच्या थप्प्या विमानात भरून कीव्हला रवाना होत आहेत, या समजुतीवर उभा होता, आणि लष्करी मदतीपुरती तरी ती समजूत बहुतांशी खोटी आहे.

शहापुरातला एखादा कापडवाला भाचीच्या लग्नात आहेर करतो, तेव्हा तो साडी विकत आणत नाही. फळीवर चार वर्षे पडून असलेली साडी काढतो, तिची घडी बदलतो आणि वहीत मात्र नव्या साडीची किंमत मांडतो. युक्रेनला गेलेली बरीच शस्त्रे अशीच गोदामातून निघाली, आणि मंजूर झालेल्या पैशाचा मोठा वाटा ते गोदाम पुन्हा भरण्यासाठी अमेरिकेतल्याच कारखान्यांना मिळाला. जुन्या मालाला नव्याची किंमत लावल्याचे पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, जून 2023 मध्ये स्वतःच कबूल केले, आणि हिशेबातला फरक 6.2 अब्ज डॉलरचा निघाला. (आमच्या गावच्या सोसायटीत शंभर रुपयांचा फरक निघाला तरी सचिवाला सभेत उभे करतात.)

पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटनमध्ये, पूर्वी रेल्वेची इंजिने जिथे जोडली जात त्या इमारतीत, 155 मिलिमीटर तोफगोळ्यांची कवचे घडतात. पोलादाचा दांडा कापून भट्टीत लालबुंद करायचा, प्रेसखाली दाबून पोकळ करायचा आणि मग लेथवर चढवायचा. आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्याने आयुष्य काढले त्याला हे मी काय सांगावे! ऑर्डर आली की पाळी वाढते आणि ओव्हरटाइम सुरू होतो. अमेरिकेने इस्रायलशी 2016 मध्ये केलेल्या लष्करी मदतीच्या करारातही दहा वर्षांच्या 38 अब्ज डॉलरपैकी काही भाग स्वतःच्या देशात खर्च करण्याची इस्रायलची सवलत टप्प्याटप्प्याने बंद करत आणली आहे, म्हणजे तोही पैसा अमेरिकेतल्याच कारखान्यांकडे वळतो.

पैसा घरातच राहतो, मग तक्रार कसली? तक्रार अशी की घर एक असले तरी चुली अनेक आहेत, आणि हा पैसा दारूगोळ्याच्या चुलीवरच शिजतो. अमेरिकेत मुलांसाठी दिलेली वाढीव करसवलत डिसेंबर 2021 मध्ये संपू दिली गेली, आणि सरकारी मदत व कर धरून गरिबी मोजणाऱ्या पूरक मोजमापानुसार बालदारिद्र्य 5.2 टक्क्यांवरून वर्षभरात 12.4 टक्क्यांवर गेले. तारखा नीट पाहा: रशियाचे आक्रमण फेब्रुवारी 2022 मधले. मुलांच्या तोंडचा घास युक्रेनने काढून घेतला नाही. तो त्याआधीच ताटातून उचलला गेला होता. मला खुपते ते इतकेच की, मुलांसाठी ज्यांना मते जमवता आली नाहीत त्यांनी शस्त्रांसाठी ती काही आठवड्यांत जमवली.

आपणही आता देणाऱ्यांच्या पंक्तीत आहोत. व्हिएतनामला दिलेल्या 10 कोटी डॉलरच्या कर्जातून बारा गस्ती नौका झाल्या. पाच आपल्याकडे बांधल्या गेल्या आणि सात व्हिएतनाममध्ये. हे कर्ज आहे आणि त्यातून इथल्या गोदीला कामही मिळाले, म्हणून मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. जुलै 2023 मध्ये व्हिएतनामलाच दिलेली आपल्या नौदलाची आयएनएस कृपाण मात्र निखळ आहेर होता, आणि तोही बत्तीस वर्षे वापरलेल्या युद्धनौकेचा.

सुभेदारसाहेब, ती नौका आपण ठेवून घेतली असती, तर माझ्या आत्याची भिंत उभी राहिली असती का? तिचे घर चिकोडी तालुक्यात, कृष्णाकाठी. 2019 च्या पुरात मागची भिंत बसली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने पाच लाख जाहीर केले होते, म्हणजे पैशाची घोषणा झालेली होती. पाहणीला आलेल्या माणसाने पुढची भिंत उभी दिसली म्हणून 'अंशतः' असा शेरा मारला आणि तो मागे गेलाच नाही. आत्याने तिथे पत्रे लावले आहेत. पावसाळ्यात त्यांचा इतका आवाज होतो की तिच्याशी फोनवर बोलता येत नाही.