पॉम्पेईत गाईडला काय विचारावं

पॉम्पेईला जाणार असाल तर गाईड जरूर करा, तिथे पैशाकडे बघू नका. इटलीतलं हे प्राचीन रोमन गाव ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं; ते ६६ हेक्टरचं आहे, दोन तृतीयांश उकरून झालंय. नुसता नकाशा घेऊन हिंडलात तर तासाभरात उन्हात सगळ्या भिंती सारख्याच दिसायला लागतात. पण गाईडमागे मुकाट्याने चालू नका. अधूनमधून विचारायचं : हे कशावरून?

विया देल्लाबोन्दान्झा हा तिथला हमरस्ता. काळ्या लाव्हाच्या फरश्या, दोन्ही बाजूंना उंच पदपथ आणि मधे ओळीने बसवलेले मोठाले दगड. रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची, तेव्हा पाय न भरवता पलीकडे जायची ही सोय. दोन दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकं जायची, त्यांच्या चाकोऱ्या फरशीत चांगल्या खोल पडल्यात. गाईड सांगेल, काही रस्त्यांवर वाहतूक एकेरी होती. कशावरून? तर त्या दगडांजवळ उकिडवे बसा आणि कडा नीट बघा. चाक जिथे घासायचं तेवढीच कड झिजलेली दिसते, आणि अभ्यासकांनी त्यावरूनच गाड्यांची दिशा ठरवली आहे. मला विचाराल तर फोरममधल्या, म्हणजे गावच्या मुख्य चौकातल्या, खांबांपेक्षा ही झीज बघण्यात जास्त मजा आहे.

मग येतात ते प्लास्टरचे देह. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली माणसं गाडली गेली, देह कुजले, राख घट्ट झाली आणि आत पोकळ्या उरल्या. १८६३ साली उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. इथे गाईडचा आवाज हमखास भरून येतो. सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिच्या कडेवरचं मूल, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. २०२४ मध्ये डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली : ती आई पुरुष निघाली, आणि मुलाशी रक्ताचं नातंही नाही. कडं दिसलं की बाई, मूल दिसलं की आई, एवढाच काय तो पुरावा होता!

आता आपल्या जिव्हाळ्याचं. १९३८ साली त्याच हमरस्त्याजवळच्या एका घरात सुमारे वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. नाव पडलं 'पॉम्पेईची लक्ष्मी'. कशावरून लक्ष्मी? तशी ठळक लक्षणं नाहीत. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती मिळाली, म्हणून हीसुद्धा सातवाहनांच्या मुलखात घडली असावी असं एक मत आहे. मात्र तिच्यावर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, आणि ती लिपी भारताच्या वायव्येकडची. तेव्हा 'आमची मूर्ती' म्हणून छाती फुगवण्याआधी आपल्यालाही तोच प्रश्न लागू.

मूर्ती पॉम्पेईत नाही बरं का. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात, 'गुप्त कक्ष' म्हणतात त्या दालनात ठेवली आहे. पॉम्पेईहून लोकल गाडी जाते. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, त्या हिशेबाने बेत आखा.